हृदयरोगतज्ज्ञ पाहिजेत, पण कुणासाठी?



जिल्ह्याच्या गावी येणाऱ्या कुठल्याही वर्तमानपत्रात रविवारी एक चौकट असते. 'सुसज्ज खासगी रुग्णालयासाठी हृदयरोगतज्ज्ञ पाहिजेत. आकर्षक मानधन. राहण्याची सोय. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असल्यास प्राधान्य.' अशी जाहिरात आपल्या त्रैमासिकाच्या संपादकीयाचा विषय कसा काय होतो, असं आमच्या संपादक गटातल्याच दोघींनी विचारलं. डॉक्टरांनी डॉक्टर नेमावा, त्याचा पगार ठरवावा. आपण हुंडा, मारहाण, पोटगी, गर्भलिंगनिदान, रेशन यांवर लिहिणाऱ्या बायका, आपला त्यात संबंध काय? शिवाय हृदयविकार म्हणजे पुरुषांचा, त्यातही बऱ्या घरच्या पुरुषांचा आजार, असं आपणही धरून चालतो. हे धरून चालणं कुठून आलं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघावं म्हणून विषय घेतला.

मला या व्यवहारात डोकावायला मिळालं ते एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीमुळे. ती आमच्या गटाची जुनी सोबतीण. अत्याचाराची केस आली की रात्री-अपरात्री उठून तपासायला येणारी. तिने आणि आणखी चार डॉक्टरांनी मिळून एक रुग्णालय उभं केलं आहे. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एकाच ठिकाणचं नाही. त्यांनी कॅथलॅब घालायची ठरवली. कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, अँजिओग्राफी, आणि फुग्याने वाहिनी मोकळी करून स्टेंट बसवणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, ही कामं जिथे होतात ती खोली आणि तिथलं यंत्र. यंत्र काही कोटींचं. बँकेने कर्ज दिलं, यंत्र आलं, हप्ते सुरू झाले, पण यंत्र चालवणारा माणूस मिळेना. मुलाखती तीन-चार महिने चालल्या. त्या काळात मैत्रीण मला फोन करून सांगत असे, आणि एकदा करारनाम्याचा कच्चा मसुदाही तिने वाचायला दिला. तो वाचल्यावर माझं मत झालं की असे करारनामे बायकांच्या संघटनांनी वाचलेच पाहिजेत.

आधी त्या डॉक्टरच्या बाजूने बघू. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, एम.डी.ची तीन, मग हृदयरोगातल्या डी.एम.ची तीन. मध्ये प्रवेशपरीक्षांची वर्षं, सरकारी सेवेचं बंधपत्र. हातात पदवी पडेपर्यंत वय तिशीच्या पुढे गेलेलं असतं. खासगी महाविद्यालयातून शिकला असेल तर डोक्यावर कर्जही असतं. असा माणूस पुण्या-मुंबईत पाचवा-सहावा म्हणून राहणं पसंत करतो, कारण तिथे सोबत्यांमध्ये रात्री वाटून घेता येतात, मुलांना शाळा असतात, मोठं रुग्णालय पाठीशी असतं. लहान गावात येणारा एकटाच असतो. हार्ट अटॅक वेळ बघून येत नाही, म्हणून त्याला महिन्याच्या तीसही रात्री फोन उशाशी ठेवून झोपावं लागतं. तो जास्त पैसे मागतो यात मला काही गैर वाटत नाही.

गैर आहे ते पैसे कसे ठरतात त्यात. बहुतेक ठिकाणी पहिलं वर्षभर ठरलेली किमान रक्कम देतात. त्याला सगळे 'गॅरंटी' म्हणतात. त्यानंतर जेवढ्या अँजिओग्राफी, जेवढ्या प्लास्टी, त्या प्रमाणात हिस्सा. मी वाचलेल्या मसुद्यात एक शब्द होता, 'कन्व्हर्जन'. ओपीडीत आलेल्या रुग्णांपैकी किती जणांची अँजिओग्राफी झाली, आणि अँजिओग्राफी झालेल्यांपैकी किती जणांना स्टेंट बसला, याचं प्रमाण दर तिमाहीला तपासलं जाईल असं कलम. म्हणजे तुमच्या छातीत दुखतं म्हणून तुम्ही गेलात आणि डॉक्टरांनी नीट तपासून, 'काकू, हृदयाला काही नाही, घरी जा' असं सांगितलं, तर त्या कागदावर ते डॉक्टर नापास. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून काही वर्षांपूर्वी जे पुस्तक केलं, त्यात डॉक्टरांनी स्वतःच हे सांगितलं होतं: टार्गेट, कमिशन, गरज नसलेल्या तपासण्या. इथे तेच मला कलम क्रमांकासकट टाइप केलेलं दिसलं.

दुसरी बाजू रुग्ण पाठवणाऱ्यांची. नवा तज्ज्ञ आला की रुग्णालयाचा जनसंपर्क अधिकारी मोटरसायकलवर तालुकाभर फिरतो, गावोगावच्या दवाखान्यांत ओळख करून देतो. दिवाळीला मिठाईचा पुडा असतो, पण खरी गोष्ट पुड्याच्या आत असते. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट मना आहे. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका नावाजलेल्या हृदयरोग रुग्णालयाने 'आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही' असा फलक लावला, तर डॉक्टरांच्या संघटनेनेच हरकत घेतली! त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, आणि फायलीत पडून राहिला. गर्भलिंगनिदानाच्या वेळी आपण हेच पाहिलं होतं. सोनोग्राफीचं यंत्र कर्जावर आलं की ते चालवायला गिऱ्हाईक लागतं. १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला तो बायकांच्या संघटनांनी यंत्र, डॉक्टर आणि पैसा या तिघांचं नातं चव्हाट्यावर आणल्यामुळे. तेव्हाही 'हा वैद्यकीय प्रश्न आहे, तुम्हाला काय कळतं' असंच म्हटलं गेलं होतं.

आता बाई या सगळ्यात कुठे आहे ते पाहू. एका अर्थी ती सुटली, असं कुणी म्हणेल. गरज नसताना स्टेंट बसायचा तर आधी दवाखान्यात पोचावं लागतं, आणि बाई पोचतच नाही! नको असलेले उपचार ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यावर होतात, आणि हवे असलेले उपचार ज्या बाईच्या हातात पैसे नाहीत तिच्यापर्यंत जात नाहीत. दोन्हीचं मूळ एकच, की डॉक्टरची कमाई आजाराशी जोडलेली नाही, यंत्राशी जोडलेली आहे.

२००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत हार्ट अटॅक किंवा त्याच जातीच्या त्रासाने दाखल झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची त्यात नोंद आहे. त्यात बायका साधारण चौथा हिस्सा. बाकीच्या बायकांना आजार झालाच नव्हता का? काही प्रमाणात खरं आहे, पाळी जाईपर्यंत बाईला हा धोका पुरुषापेक्षा कमी असतो. पण पाळी गेल्यावर तो वाढत जातो, आणि मधुमेह असेल तर त्याआधीच वाढतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. महिन्याभरात दगावलेल्यांचं प्रमाण गरिबांत ८.२ टक्के होतं आणि श्रीमंतांत ५.५. पण कुणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात घेतल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे गरिबांची हृदयं जात्याच कमजोर नव्हती, त्यांना उपचार कमी मिळाले होते.

बाईच्या बाबतीत उपचार घरापासूनच कमी पडू लागतात. आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत मी विचारलं होतं, छातीत दुखलं तर काय करता? उत्तरं आली: ओवा खाते, सोडा पिते, पडून राहते, पोरं शाळेतून आली की सांगते. गावच्या डॉक्टरकडे गेलीच तर पित्ताची गोळी मिळते, किंवा 'टेन्शन घेऊ नका' असं सांगतात. बाईलाही बहुतेक वेळा छातीतच दुखतं, पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागणं, पाठीत नाहीतर जबड्यात कळ येणं, मळमळणं, हातपाय गळून जाणं हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा होतं. 'जीव घाबरा होतोय' असं बाई म्हणते तेव्हा ते आजाराचं लक्षण असू शकतं, हे ऐकणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेतल्या बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ मध्ये याला नाव दिलं होतं, 'येंटल सिंड्रोम'. येंटल ही एका कथेतली मुलगी, शिकायला मिळावं म्हणून पुरुषाचा वेष घेणारी. हीली यांचं म्हणणं असं की आपलं हृदय पुरुषाइतकंच आजारी आहे हे बाईने आधी सिद्ध करावं, तेव्हा कुठे तिला पुरुषासारखे उपचार मिळतात.

आणि हे लहान वयापासून चालतं. दिल्लीच्या एम्समध्ये जन्मजात हृदयदोष असलेल्या आणि शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली, मुलींपैकी ४४ टक्क्यांची. छातीवर व्रण राहिला तर लग्न कसं जमणार, हे वाक्य वस्तीत ऐकलं नाही अशी कार्यकर्ती मला दाखवा.

आता ईसीजीकडे येते. दोन-तीनशे रुपयांत होणारी ही तपासणी हृदयविकाराच्या दाराची कडी आहे. ती काढायला पोलकं उतरवावं लागतं, डाव्या स्तनाखाली चकत्या लावाव्या लागतात. बहुतेक खासगी दवाखान्यांत हे काम करणारा तंत्रज्ञ पुरुष असतो, खोलीला पडदा असतो किंवा नसतो. 'नको, आता बरं वाटतंय' असं म्हणून बाई उठते, सोबत आलेला नवरा किंवा मुलगाही सुटकेचा श्वास टाकतो. आमच्या गटातल्या एका मावशींनी असा ईसीजी दोनदा टाळला होता. तिसऱ्या वेळी त्यांना चादरीत घालूनच न्यावं लागलं. काही कोटींचं यंत्र आणि लाखालाखांनी मानधन घेणारा तज्ज्ञ यांची जुळवाजुळव चालली होती तेव्हा मी मैत्रिणीला विचारलं, तुमच्याकडे ईसीजी काढणारी बाई आहे का? दिवसपाळीला एक सिस्टर होती, रात्री नव्हती. बाईच्या दृष्टीने पाहिलं तर ही नेमणूक आधी व्हायला हवी. तिचा पगार तज्ज्ञाच्या मानधनाचा केवढासा भाग!

दुसरी गोष्ट झडपांच्या आजाराची. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरचे विसरून जातात. त्या तापाने काही मुलांच्या हृदयाची झडप हळूहळू आकसत जाते. दाटीच्या, ओलसर घरांत राहणाऱ्यांचा हा आजार, आणि झडप आकसण्याचा हा प्रकार बायकांत अधिक दिसतो. पुष्कळदा तो कळतो पहिल्या बाळंतपणात. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आकसलेल्या झडपेला ते झेपत नाही, पोरगी चार पावलं चालली की धापा टाकते, आणि सासू म्हणते, आम्ही काय गरोदर नव्हतो का. अशा मुलीला टूडी एको करणारा आणि नीट वाचणारा डॉक्टर वेळेवर मिळाला तर ती वाचते. फुग्याने झडप उघडण्याची सोयही आहे. ज्याला लवकर ओळखलं त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यायचं, एवढ्यावर पुढचं नुकसान रोखता येतं. पण या कामात कन्व्हर्जन कुठून येणार? वीस वर्षांच्या गरोदर मुलीच्या एकोला अर्धा तास द्यायचा तर तेवढ्या वेळात दोन अँजिओग्राफी होतात. माझी मैत्रीण स्वतः प्रसूती करणारी. तिला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तिच्याच रुग्णालयाने ठरवलेल्या करारात या मुलीचा कुठे उल्लेख नव्हता.

आता मुलाखतीतल्या बाईबद्दल. आलेल्या सहा उमेदवारांत एक बाई होती. पुरुषांना विचारलं गेलं: स्वतः किती प्लास्टी केल्या आहेत, कधीपासून येऊ शकाल. तिला हे विचारलं, आणि त्यावर: मिस्टर काय करतात, ते इकडे येतील का, मुलं किती, सासूबाई जवळ असतात का, आणखी एक चान्स घेणार का. मूल किती हा प्रश्न आपणच विचारला, असं मैत्रिणीने मला सांगितलं. विचारून झाल्यावर तिला स्वतःची पंचवीस वर्षांपूर्वीची मुलाखत आठवली. 'पती-पत्नी दोघे डॉक्टर असल्यास प्राधान्य' याचा अर्थही तेव्हा उघड झाला. तज्ज्ञ नवरा आणि त्याच्या मागोमाग येणारी पॅथॉलॉजिस्ट किंवा भूलतज्ज्ञ बायको अशी जोडी हवी असते. तज्ज्ञ बायको आणि मागोमाग येणारा नवरा कुणाच्या डोळ्यासमोरच नव्हता.

त्या बाईंनी दोन गोष्टी विचारल्या आणि खोली गप्प झाली. पहिली, रात्रीला दुसरं कोण? पुरुष उमेदवारांना हा प्रश्न पडला नाही कारण तो एकटा तीस रात्री फोनवर असला तरी घरी पोरांजवळ बायको असते. म्हणजे एका तज्ज्ञाच्या मानधनात दोन माणसांचं काम घेतलं जातं, आणि दुसऱ्या माणसाचं नाव करारनाम्यावर नसतं! दुसरी, गरोदर राहिले तर काय? कॅथलॅबमध्ये क्ष-किरण असतात, अंगावर काही किलो वजनाचा शिशाचा एप्रन घालून तासन्तास उभं राहावं लागतं. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत: बाईने गरोदर असल्याचं कळवलं की पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोचू नये अशी तिच्या कामाची व्यवस्था मालकाने करायची. म्हणजे तिला त्या महिन्यांत ओपीडी, एको, आयसीयू ही कामं द्यायची. पण यंत्रावर कमाई बांधलेल्या करारात ओपीडी म्हणजे शिक्षा. बाळंतपणाच्या रजेचं विचारलं तर उत्तर आलं, तुम्ही पगारी नोकर नाही, 'कन्सल्टंट' आहात, तुम्हाला व्यावसायिक फी मिळते. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची रजा मोलकरणीला मिळत नाही हे आपण नेहमी म्हणतो; बारा वर्षं शिकलेल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईलाही ती मिळत नाही. दोघींना एका पंक्तीत बसवते आहे असं नाही, पण युक्ती तीच आहे. कामगाराला कामगार म्हणायचं नाही.

त्या बाई आल्या नाहीत. पुण्यात चौघे तज्ज्ञ रात्री वाटून घेतात अशा ठिकाणी पगारावर लागल्या.

इथे थोडं मागे जाते, कारण डॉक्टर बाईची नेमणूक हा आपल्याकडचा जुना, झगडून मिळवलेला प्रश्न आहे. १८८० च्या दशकात मुंबईत सोराबजी बेंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी बायकांसाठी बायका डॉक्टर आणण्याकरता निधी उभा केला. एडिंबरो विद्यापीठाच्या दारावर धडका देणाऱ्या सात जणींपैकी एक, एडिथ पेची, यांना त्यांनी इंग्लंडहून आणलं. १८८६ मध्ये सुरू झालेलं कामा हॉस्पिटल त्यांच्या हाती दिलं. पेचीबाईंनी इथे येऊन बाई डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकाच पगार हवा, हा आग्रह धरला, बालविवाहाविरुद्ध बोलल्या, रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पण त्यात एक खोचही राहिली. बाई डॉक्टर बायकांसाठी, बाळंतपणासाठी. हृदय, मेंदू, हाडं ही खाती पुरुषांची. ती वाटणी अजून उलटलेली नाही. अमेरिकेतसुद्धा वैद्यकीय विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त मुली असताना, २०१९ च्या आकडेवारीप्रमाणे हृदयरोगतज्ज्ञांत साधारण सातांत एक बाई होती.

१९५३ मध्ये देशाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी एका तरुण डॉक्टर बाईला दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात बोलावून घेतलं. त्या डॉ. एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या हृदयरोगतज्ज्ञ स्त्री. अमेरिकेत हेलन टॉसिग यांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. फुप्फुसाच्या आजाराने हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा विकार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जायचा. पद्मावतींना दिल्लीत तो विडीला हात न लावलेल्या बायकांतही तितकाच दिसला, आणि त्यांनी १९५० च्या दशकातच चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं. हे निदान पुरुषाला करता आलं नसतं असं मी म्हणणार नाही. पण चुलीपुढे कोण बसतं हा प्रश्न आधी सुचावा लागतो. २०२० मध्ये, १०३ वर्षांच्या असताना, करोनाने त्यांना नेलं.

बाई डॉक्टर असल्याने रुग्ण बाईला खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९१ ते २०१० या काळात हार्ट अटॅकने आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष डॉक्टरांच्या हाती आलेल्या बायका वाचण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ज्या पुरुष डॉक्टरांच्या सोबत बायका डॉक्टर जास्त होत्या, किंवा ज्यांनी पूर्वी जास्त बाई रुग्ण तपासल्या होत्या, त्यांच्याकडे हा फरक कमी झालेला होता. म्हणून सगळे तज्ज्ञ बायकाच हव्यात असं माझं म्हणणं नाही. पुरुष तज्ज्ञही शेजारी बाई असली की शिकतो, एवढं दिसतं.

मैत्रिणीचं म्हणणंही मांडलं पाहिजे. ती म्हणते, तू बाहेरून बोलतेस. हप्ता दर महिन्याला जातो. कट न देणाऱ्या रुग्णालयाकडे लोक रुग्ण पाठवत नाहीत. आम्ही बंद पडलो तर पेशंटला घेऊन शंभर किलोमीटर जावं लागेल, आणि वाहिनी तुंबल्यावर एकेक मिनिटाने हृदयाचा स्नायू मरत असतो. हे सगळं खरं आहे. सरकारी जिल्हा रुग्णालयात कॅथलॅब आणि पगारी तज्ज्ञ असते तर हा प्रश्न इतका टोकाचा झालाच नसता, हेही ती म्हणते आणि मला ते मान्य आहे. पण 'आमचा खासगी मामला' हे मला मान्य नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणाऱ्या प्लास्टीचे पैसे सरकारी तिजोरीतून येतात, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. आणि सरकारने मनात आणलं तर हात घालता येतो हेही आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी लेपाच्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तोच लेपाचा स्टेंट रुग्णाच्या बिलात लाखाच्या वर लागत होता. रुग्णालयं त्यानंतरही चालूच राहिली.

शेवटी त्या रुग्णालयात एक तरुण तज्ज्ञ आला, वर्षाच्या गॅरंटीवर. मैत्रिणीने भागीदारांशी भांडून दोन गोष्टी करून घेतल्या. रात्रपाळीला ईसीजी काढायला एक सिस्टर नेमली, आणि बुधवारची दुपार गरोदर बायांच्या एकोसाठी राखून ठेवली. त्या कामाचा मोबदला तज्ज्ञाला ठरलेल्या रकमेतूनच. कन्व्हर्जनचं कलम मात्र निघालं नाही. चार विरुद्ध एक. पहिल्या तीन बुधवारी नऊ बाया आल्या. त्यांतल्या एकीची झडप आकसलेली निघाली. सातवा महिना, वय एकोणीस.

तुमच्या गावात अशी जाहिरात लागली, नवा तज्ज्ञ आल्याचा फलक चौकात झळकला, तर गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन भेटावं. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते लावलं आहे का बघा. ईसीजी कोण काढतं, रात्री कोण काढतं, पडदा आहे का, विचारा. तज्ज्ञाला ठरलेला पगार आहे की केसमागे पैसे, हेही विचारा. सांगणार नाहीत, पण कुणीतरी विचारतंय हे त्यांना कळू द्या. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्यांवर या महिन्यात किती बायका होत्या ते विचारा. आणि आशाताईंना बैठकीला बोलावून, आपापल्या भागात गेल्या वर्षी चाळिशी-पन्नाशीच्या किती बाया 'अचानक' गेल्या, आणि त्याआधी त्या काय काय म्हणत होत्या, हे एका वहीत लिहून काढा. पुढच्या अंकासाठी या नोंदी महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. रुग्णालयाने आत येऊ दिलं नाही तर तेही कळवा, कोणत्या शब्दांत नाही म्हटलं ते तसंच्या तसं लिहून.